पाचवा उद्गार माझ्या वाट्याला

ज्यांच्या घरात कुणाच्या किडन्या गेल्या आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधं आणि पथ्यपाणी तुम्हाला डॉक्टर सांगतील, आणि शेजारच्या खाटेवरचा पेशंट डॉक्टरांपेक्षा जास्त सांगेल. मला सांगायचंय ते दुसऱ्याच दुखण्याबद्दल. देवभीरू माणसाला हा आजार झाला की किडन्यांबरोबर त्याची प्रार्थनाही उघडी पडते, आणि तिच्यासाठी कुठलं मशीन नाही. मी अजून बरा झालेलो नाही. होईन असंही वाटत नाही. तेव्हा शेवटी काहीतरी गोड हाती लागेल म्हणून वाचत असाल तर इथेच थांबलेलं बरं.

माझं नाव प्रभाकर. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर मी कंट्रोलर होतो. फलटण, लोणंद, सांगली, सगळ्या गाड्या माझ्या तोंडून सुटायच्या. आवाज खणखणीत आणि डोकं तापट, दोन्ही गोष्टी नोकरीला उपयोगी पडल्या. आमच्या चर्चमध्ये मी वडीलमंडळींपैकी एक, म्हणजे कारभार बघणाऱ्यांतला. शास्त्रपाठ वाचायचा तर मी, लांबलचक प्रार्थना करायची तर मी, आणि आजाऱ्याच्या भेटीला जायचं तर सगळ्यांच्या पुढे मीच. खाटेशी उभं राहून मी किती जणांना सांगितलं असेल की देवाच्या इच्छेला मान द्या. माणसं मान हलवायची. मला वाटायचं, त्यांना पटलं. त्यांच्या अंगात वाद घालायचं बळ नव्हतं हे आता कळतंय.

*

पाय सुजायचे. मी म्हणायचो, दिवसभर उभ्याचं काम आहे, सुजणारच. मग अन्नाचा वास नकोसा झाला, उलट्या सुरू झाल्या, आणि एक दिवस ड्युटीवरच मला गाडीची पाटी वाचता येईना. बायको मला धरून दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रिपोर्ट त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "काका, दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्यात. डायलिसिस सुरू करावं लागेल. आजच."

मी ताठ बसून मोठ्या आवाजात म्हणालो, "प्रभूची इच्छा असेल तसं होवो."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. आणि मला आत कुठेतरी बरं वाटलं. हेच मला सांगायचंय. पायाखालची जमीन सरकली होती, पण माझ्यातला एक जण बाजूला उभा राहून म्हणत होता, वा प्रभाकर, छान बोललास.

सुशीला, म्हणजे माझी बायको, फलटणकडच्या खेड्यातली. इतकी वर्षं साताऱ्यात राहिली, पण बोली तिनं सोडली नाही. बाहेर स्कूटरपाशी आल्यावर तिनं विचारलं, "आवं, तुमाला भ्या न्हाई वाटलं?"

"विश्वास असला की भीती वाटत नाही," मी म्हणालो.

"मला लय वाटलं," ती म्हणाली.

स्कूटरची किल्ली मला भोकात घालता येईना. शेवटी आम्ही रिक्षा केली आणि रिक्षातही मी तिला विश्वासाबद्दलच सांगत राहिलो.

*

डायलिसिसची खोली गार असते. एसी मशीनसाठी असतो, माणसांसाठी नाही. आल्या आल्या वजन करायचं, मग खाटेवर पडायचं, मग हाताला जाड सुया. सुरुवातीला काही आठवडे मानेत नळी असते, मग हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेनं जोडून देतात. तिथं बोट ठेवलं तर कातडीखाली मोटार चालू असल्यासारखी घरघर लागते. पहिल्या दिवशी आपलंच रक्त नळीतून बाहेर पडताना बघितलं आणि डोळे मिटून घेतले. अर्ध्या दिवसानं उठवतात तेव्हा माणूस पिळून टाकलेला असतो. पुढचा दिवस त्या थकव्यात जातो, आणि जरा हुशारी येते तोवर पुन्हा मशीनचा दिवस उगवतो.

पण सगळ्यांत वाईट म्हणजे तहान. लघवी होत नाही, म्हणून प्यायलेलं सगळं अंगातच साठतं आणि छातीत चढतं. त्यामुळे पाणी मोजून. सुशीला सकाळी एक तांब्या भरून ठेवायची. चहा, गोळ्या, जेवण, सगळं त्यातच. दुपारपर्यंत जीभ टाळूला चिकटायची. मी नळाचा आवाज ऐकत बसायचो. शेजारी कुणी अंगणात सडा मारला तरी मला त्या माणसाचा राग यायचा.

चर्चची माणसं भेटीला येत आणि येताना शहाळी घेऊन येत. आम्हाला शहाळं म्हणजे विष, त्यातलं पोटॅशियम अंगात साठतं. ते सांगितलं की म्हणत, "असू दे हो, विश्वासानं घ्या." एकाला मी घराबाहेर काढलं. सुशीलानं त्याच्या मागे जाऊन माफी मागितली आणि परत येऊन मला म्हणाली, "तोंड आवरा जरा. मानसं परत यायची न्हाईत." तेवढीच माणसं येत होती, हेही खरं होतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर उंब्रजचे एक सुभेदार असायचे. फौजेतून निवृत्त, घरचा ऊस, मिशा अजून पिळदार. मी सुई टोचताना ओठ हलवून प्रार्थना करायचो. ते टोचणाऱ्या पोराला हिंदीतून शिव्या द्यायचे. आमचं लवकरच जमलं.

*

डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरातल्या कुणाची किडनी जुळली तर बघा. मूलबाळ आम्हाला नाही. माझा भाऊ वारला. राहिली सुशीला, आणि तिचा रक्तगट माझ्याशी जुळत होता.

ती भाजी निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "माझी घ्या की एक."

"नको," मी म्हणालो.

या 'नको'बद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे कुणाच्या घरी गेलं आणि चहाचं विचारलं की आधी नको म्हणायचं असतं. ते ऐकून घरच्या बाईनं खरंच चहा ठेवला नाही तर तो पाहुणा गावभर सांगत सुटेल. माझं नको त्यातलंच होतं. मी ते अशा पडेल आवाजात म्हणालो की ऐकणाऱ्याला आग्रह करावाच लागेल. आणि सुशीलानं केला. मग मी पुन्हा नको म्हणालो.

मला हे कळत होतं. मी इतका काही आंधळा नाही. नाताळ होऊन गेला होता आणि ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला होता. दर वर्षी उपवासकाळात मी चहा सोडायचो, मटण सोडायचो. यंदा सोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं, सगळं डॉक्टरांनी आधीच काढून घेतलेलं. म्हणून मी ठरवलं, ही इच्छाच सोडायची. नको म्हणतोय ते मनापासून नको होईल असं करायचं. देवापुढे जायचं ते निर्मळ होऊन, हातात मागणी न घेता.

मी खरंच झटलो. रोज पहाटे डोळे मिटून म्हणायचो, प्रभो, सुशीलाच्या अंगाला सुरी लागू नये असं मला अंतःकरणापासून वाटू दे. आणि त्या वाक्याच्या खालून दुसरं वाक्य निघायचं: मी इतका निर्मळ झालो हे बघून तूच ती किडनी मला मिळवून दे. ते वाक्य दाबलं की तिसरं निघायचं. देवानं बळी मागितला म्हणून अब्राहामानं पोरावर सुरी उचलली, तेव्हा कुठे त्याला पोराच्या जागी द्यायला झुडपातला मेंढा दिसला. मी सुरी उचलण्याआधीच झुडपाकडे बघत होतो. रडू यायचं. कितीही खरवडलं तरी तळाशी मीच. मरणाची भीती तर होतीच, पण आपण असेच मरू, एकही खरी प्रार्थना न करता, ही भीती त्याहून मोठी झाली.

त्यात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, प्रार्थनासभेत सांगून टाकलं की प्रभाकररावांनी पत्नीचा अवयव घ्यायला नकार दिला, याला म्हणतात निःस्वार्थ प्रीती. माणसांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. नम्रतेनं मान कशी घालायची हे मला चांगलं येतं.

*

सुभेदारांना मी एकदा विचारलं, "तुमच्या घरात कुणाची जुळत नाही का?"

"भावाची जुळती की," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? इचारलं त्याला. म्हनलं, गड्या, मला जगायचंय, देतूस का? त्यो म्हनला, न्हाई दादा, मला भ्या वाटतं, पोरं ल्हान हायत. म्हनलं, बरं."

"राग नाही आला?"

"आला की. लय आला. आठ दिस बोललो न्हाई. मग तोच डबा घिऊन आला, खाल्ला." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "तुमी मागितली का वैनींकडं?"

"तीच द्यायला तयार आहे. मी नको म्हणतोय."

"का?"

मी त्याग, प्रीती असं काहीतरी बोललो. सुभेदारांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आसंल बाबा. मला त्यातलं कळत न्हाई."

*

सुशीलाचा भाऊ योसेफ फलटणहून आला. दारातूनच बोलला, "दाजी, माझ्या भनीला कापाय निघालाय व्हय?"

"मी नकोच म्हणतोय, तिला विचार," मी म्हणालो.

सुशीला स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ह्यांनी न्हाई, मीच जानार हाय. सांगलीच्या दवाखान्यात तारीक घेतलीया. तुला चहा पायजेल का?"

योसेफ चहा न घेता गेला. त्यानंतर त्यानं फोनही केला नाही. आणि मी? मी "नको गं" म्हणालो आणि सांगलीला जायला कुठला शर्ट घालायचा ते बघायला लागलो.

सांगलीत तपासण्या चालल्या होत्या तेव्हा मी बाकावर बसून मनात पाणी पीत होतो. सगळं झाल्यावर कसं प्यायचं ते ठरवत होतो. भांड्यानं नाही, ओंजळीनं, नळाखाली वाकून, शर्ट भिजेस्तोवर. पुन्हा ड्युटीवर जायचं, फलटणची गाडी स्वतः सोडायची. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी कशाची तरी वाट बघत होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. ते वयस्कर होते आणि सावकाश बोलले. स्कॅनमध्ये दिसलं होतं की सुशीलाची एक किडनी जन्मापासूनच बारकी आहे, कामाची नाही. दुसरीवरच तिचं सगळं चाललंय. ती देता येणार नाही. आणि यापुढे तिनंही तब्येतीला जपायला हवं.

म्हणजे माझी बायको वाचली होती. हे न कळता कुणी तिची चांगली किडनी काढली असती तर ती गेली असती. मी तिथंच गुडघे टेकून आभार मानायला हवे होते. जे मी उपवासकाळ लागल्यापासून मागत होतो तेच मिळालं होतं, तिच्या अंगाला सुरी लागणार नव्हती.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. स्टँडवरचा तो आवाज, सगळा दवाखाना वळून बघेल असा. "इतकी वर्षं तुला कळलं नाही? पोटात काय आहे, काय नाही, कळत नाही माणसाला?" जणू तिनं ती किडनी माझ्यापासून लपवून ठेवली होती. मग मी बाकावर बसलो आणि ढसाढसा रडलो. माझ्या तोंडून एकच शब्द येत होता, "संपलं, संपलं."

सुशीला उभीच होती. माझं रडणं थांबलं. मग म्हणाली, "एवढी पायजेल हुती, तर तोंडानं मागायची हुती की. मी वाट बगत हुते."

*

परतीच्या गाडीत ती खिडकीपाशी बसली. कराड गेलं. उंब्रजच्या अलीकडे सायरन वाजवत एक रुग्णवाहिका आम्हाला मागे टाकून गेली. सांगलीच्या डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं होतं, मृत माणसाची किडनी मिळते, नाव नोंदवा, नंबर लागेल तेव्हा लागेल. ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्याकडे बघत होतो. आत कोण असेल, तरुण असेल का, एवढंच मनात येत होतं. कुणाचा तरी मुलगा त्यात पडला असेल आणि मी, वडीलमंडळींतला प्रभाकर, त्याच्या मरणाची वाट बघत होतो.

याहून खालची पायरी नव्हती. निर्मळ व्हायला निघालो होतो तो इथं येऊन पोहोचलो होतो. त्या दिवसापासून मी प्रार्थना करणं सोडलं. मशीनवर डोळे उघडे ठेवून पडून राहायचो. किडनी द्यायला कुणी भाऊबंद नाही, मागायला तोंड नाही, आणि देवाच्या तोंडाकडे बघायची हिंमत नाही.

*

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे दुपारी तीन तासांची उपासना असते. प्रभूनं क्रुसावरून काढलेले सात उद्गार सात जणांना वाटून देतात, प्रत्येकानं एकावर बोलायचं. माझ्याकडे दर वर्षी पहिला, क्षमेचा. यंदा पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, "प्रभाकरराव, तुमची तब्येत बघता मधला देतो, आटोपशीर आहे. पाचवा."

पाचवा उद्गार तहानेचा आहे, 'मला तहान लागली आहे.' त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं. मी नाही म्हणणार होतो, पण सुशीलानंच हो सांगितलं.

त्या उद्गारावर काय बोलायचं हे ठरलेलं असतं. ती तहान पाण्याची नव्हे, ती आत्म्यांची तहान, जगाच्या तारणाची. मी स्वतः तसं बोलताना किती जणांना ऐकलंय. कागदावर तेच लिहून नेलं. ऊन मी म्हणत होतं, पंखे फिरत होते, उपासामुळे सगळ्यांचीच तोंडं सुकलेली. आदल्या दिवशी मशीन झालेलं. उभं राहिलो तेव्हा ओठ फाटले होते आणि पहिला शब्द आवाजाशिवायच आला.

कागदाकडे बघितलं. वाचता येईना.

मी म्हणालो, "त्याला पाणी हवं होतं. मला यंदा कळलं. घसा सुकला होता म्हणून त्यानं पाणी मागितलं. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्याकडे मागितलं. नको नको म्हणत बसला नाही." मग मी कागद घडी करून खिशात ठेवला. "तुम्हाला सांगितलं गेलं की मी माझ्या बायकोची किडनी नाकारली. ते खोटं आहे. मला ती हवी होती. ती मिळणार नाही कळलं तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. मला आजही कुणाची तरी हवी आहे. मला जगायचंय."

एवढंच बोललो आणि खाली बसलो. कुणी आमेन म्हटलं नाही. मग सहाव्या उद्गाराचे गृहस्थ घाईघाईनं उठले आणि त्यांनी आपलं वाचायला सुरुवात केली.

कुणी पुढे येऊन मला किडनी देऊ केली नाही. उपासना संपल्यावर एकानं पाळकसाहेबांकडे तक्रार केली की प्रभूच्या दुःखाच्या दिवशी प्रभाकररावांनी स्वतःचं दुःख मांडलं. पाळकसाहेब माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि गेले. मोकळं, हलकं वगैरे मला काही वाटलं नाही. लाज वाटत होती आणि तहान लागली होती.

संध्याकाळी घरी दिवा लावल्यावर आम्ही समोरासमोर बसलो. आमच्या कुटुंबप्रार्थनेत मी बोलतो आणि सुशीला आमेन म्हणते. सांगलीहून आल्यापासून ती प्रार्थना झालीच नव्हती. त्या संध्याकाळी ती आपणहून डोक्यावर पदर घेऊन बसली, म्हणून मी डोळे मिटले. जुने शब्द यायला लागले, ते जाऊ दिले. मग म्हणालो, "प्रभो, मला मरायचं नाही."

पुढे काही सुचेना. मी तिच्या आमेनची वाट बघत राहिलो. ते आलं नाही. मला वाटलं, ती अजून रागात आहे.

मग तिचा आवाज आला, अगदी बारीक. "देवा, ह्यांच्या मागं मला एकटीला ऱ्हायाचं न्हाई. मला लय भ्या वाटतं."

ती थांबली. इतक्या वर्षांच्या संसारात तिची प्रार्थना मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि आमेन म्हणायची पाळी माझी होती. मी म्हणालो.